जपान समजून घ्यायला काय वाचावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी भाषेच्या वर्गात बसणारे, कंपनीने टोकियोला धाडलेले, मुलांबरोबर ॲनिमे बघता बघता स्वतःच अडकलेले आणि नुसतेच हौशी, या सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उत्तरांत आवडनिवड आहे आणि ती लपवलेली नाही. बहुतेक पुस्तकं इंग्रजी अनुवादातली आहेत, म्हणून नावंही तशीच दिली आहेत.

एकच पुस्तक वाचायचं असेल तर कोणतं?

जुनइचिरो तानिझाकी यांची कादंबरी 'द माकिओका सिस्टर्स'. जाडजूड आहे, पण घाई न करता वाचण्याचीच आहे.

ओसाकातलं एक जुनं व्यापारी घराणं. वैभव ओसरलेलं, नाव मात्र शिल्लक. चार बहिणी. थोरल्या दोघींची लग्नं झालेली, तिसरी युकिको तिशीला आलेली, आणि तिचं जमल्याशिवाय चौथीचं करता येत नाही. पूर्वी आलेली स्थळं 'आपल्या तोलाची नाहीत' म्हणून नाकारली, आता येणारी स्थळं बिजवर आणि पन्नाशीकडे झुकलेली. मध्यस्थ, गुपचूप चौकशा, मुलीच्या डोळ्याजवळच्या बारीकशा डागावरून घरात चाललेली कुजबुज, मोठ्या घराची परवानगी. कांदेपोहे ज्यांनी दिले आहेत किंवा खाल्ले आहेत त्यांना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

कथा १९३६ ते १९४१ या काळातली. बाहेर चीनशी युद्ध चालू आहे आणि कादंबरीतली माणसं दर वसंतात क्योतोला चेरीचा बहर बघायला जातात, काजवे बघायला जातात, किमोनो कुठला नेसायचा यावर वाद घालतात. १९४३ साली ती मासिकातून क्रमशः येऊ लागली तेव्हा लष्कराने ती थांबवली. युद्धकाळात असली बायकी चैन नको, असा एकूण सूर होता. तानिझाकी लिहीत राहिले आणि युद्धानंतर ती पूर्ण छापली गेली. एडवर्ड सायडनस्टिकर यांचा इंग्रजी अनुवाद १९५७ चा आहे. शेवट तर असा आहे की आपल्याकडच्या संपादकाने हमखास बदलायला सांगितला असता: लग्नासाठी टोकियोला निघालेल्या युकिकोचं पोट बिघडलेलं असतं, आणि ते गाडीतही बरं होत नाही.

पण कादंबरी कशाला? 'जपानी माणूस असा का वागतो' हे सरळ सांगणारं पुस्तक नाही का?

ढिगाने आहेत, आणि तिथेच जरा जपून. अशा पुस्तकांच्या बाबतीत एक प्रश्न आधी विचारावा: हे कोणी, कोणासाठी लिहिलं? गंमत अशी की जपानची ओळख करून देणारी सर्वांत गाजलेली पुस्तकं पाश्चात्त्य वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली गेली आहेत, जपान्यांनी लिहिलेलीसुद्धा.

रुथ बेनेडिक्ट यांचं 'द क्रिसँथमम अँड द सोर्ड' (१९४६) घ्या. अमेरिकी सरकारला शत्रू समजून घ्यायचा होता, म्हणून युद्ध चालू असताना हे काम मानववंशशास्त्राच्या या अभ्यासक बाईंकडे आलं. त्या जपानला कधीच गेल्या नाहीत. अमेरिकेतले जपानी, जपानी चित्रपट, पुस्तकं, युद्धकैद्यांच्या जबान्या यांवर सगळी उभारणी. तरीही ऋण आणि त्याची फेड यांवरची प्रकरणं आजही वाचण्यासारखी आहेत. १९४८ मध्ये त्याचा जपानी अनुवाद आला आणि जपान्यांनीच तो उचलून धरला. हरलेला देश जिंकणाऱ्याने काढलेलं आपलं चित्र न्याहाळत होता, असं म्हणायला हरकत नाही. वाचा, पण पहिलं म्हणून नको.

ओकाकुरा काकुझो यांचं 'द बुक ऑफ टी' (१९०६) मुळातच इंग्रजीत लिहिलेलं. ओकाकुरा तेव्हा बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करत होते आणि समोर होता चहाला निव्वळ पेय समजणारा अमेरिकी वाचक. छोटंसं, देखणं, थोडं चिमटे काढणारं पुस्तक आहे. हेच ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात होते, विवेकानंदांना भेटले, टागोरांच्या घरी वावरले. 'आशिया एक आहे' हे त्यांचं वाक्य ज्या 'द आयडियल्स ऑफ द ईस्ट' या पुस्तकाच्या आरंभी येतं, त्याची प्रस्तावना भगिनी निवेदितांची आहे. तीस-चाळीस वर्षांत हेच वाक्य जपानी साम्राज्यवाद्यांनी आपल्या कामाला जुंपलं.

'द बुक ऑफ टी' वाचलंत तर लगेच यासुनारी कावाबाता यांची 'थाउजंड क्रेन्स' वाचा. तिथे चहाची तीच भांडी आहेत, पण ती बापाच्या दोन प्रेयसींमधून मुलाच्या हातात आलेली, ओशट झालेली. ही कादंबरी चहाच्या विधीचं सौंदर्य सांगते असं समजणं चुकीचं आहे, ती त्यात शिरलेल्या हिणकसपणाबद्दल आहे, असं कावाबाता यांनी १९६८ च्या नोबेल भाषणात स्वतःच सांगून टाकलं.

सामुराईंबद्दल 'बुशिदो' वाचू की 'हागाकुरे'?

दोन्ही वाचा, पण त्यांना इतिहास समजू नका.

इनाझो नितोबे यांचा जन्म १८६२ चा. सामुराईंची राजवट संपली तेव्हा ते जेमतेम सहा वर्षांचे होते. पुढे ते ख्रिस्ती झाले, क्वेकर पंथात गेले, अमेरिकन बाईशी लग्न केलं आणि अमेरिकेत मुक्कामाला असताना 'बुशिदो: द सोल ऑफ जपान' इंग्रजीत लिहिलं. 'तुमच्याकडे शाळेत धर्म शिकवत नाहीत, मग नीती कुठून येते?' असं एका बेल्जियन कायदेपंडिताने त्यांना विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. म्हणून पानोपानी युरोपातल्या सरदारांशी आणि बायबलशी तुलना. पुस्तक सुंदर आहे, पण ते १९०० च्या सुमाराच्या एका शिकलेल्या जपानी माणसाचं वकीलपत्र आहे. त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधी तलवार बांधून हिंडणारा माणूस असाच विचार करत होता, असा निष्कर्ष त्यातून काढू नये.

'हागाकुरे' सागा संस्थानातल्या यामामोतो त्सुनेतोमो यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सांगितलेलं आणि दुसऱ्याने लिहून घेतलेलं. सामुराईचा मार्ग म्हणजे मरण, हे प्रसिद्ध वचन त्यातलंच. पण देशात शंभर वर्षं शांतता होती आणि त्सुनेतोमो यांनी रणांगण पाहिलेलं नव्हतं. मालकामागे मरायची इच्छा होती, तर त्यावरही संस्थानाची बंदी! मग ते भिक्षू झाले आणि पूर्वीचे दिवस कसे होते हे सांगत बसले.

मनापासून शिफारस करतो ती 'मुसुइज् स्टोरी' या तिसऱ्याच पुस्तकाची. कात्सू कोकिची नावाच्या एका कनिष्ठ सामुराईने १८४३ साली लिहिलेलं हे आत्मचरित्र. (आधुनिक जपानी आरमाराच्या उभारणीतले कात्सू काइशू हे याचे चिरंजीव.) गडी लहानपणी घरातून पळाला, भीक मागत फिरला, मारामाऱ्या केल्या, तलवारींची दलाली केली, कर्ज करून ठेवलं, घरच्यांनी वैतागून कोंडून घातलं. हे सगळं तो 'माझ्यासारखे होऊ नका' असं पोराबाळांना बजावत, पण मिटक्या मारत सांगतो. तेरुको क्रेग यांचा अनुवाद छान आहे. एका बैठकीत संपतं.

'इकिगाई' वाचलं, आवडलं. पुढे काय?

आवडलं तर चांगलंच आहे. इकिगाई म्हणजे जगावंसं वाटण्याचं कारण. फक्त ते मुळात स्पेनमध्ये, स्पॅनिश भाषेत लिहिलेलं पुस्तक आहे हे ध्यानात असू द्या. आणि समाजमाध्यमांवर फिरणारी ती चार वर्तुळांची आकृती, ज्यात आवड, कौशल्य, जगाची गरज आणि पैसा एकमेकांना छेदतात, ती जपानी नाहीच. एका स्पॅनिश लेखकाच्या 'जीवनहेतू'च्या आकृतीवर एका इंग्रजाने २०१४ मध्ये 'इकिगाई' हा शब्द चिकटवला, तिथून ती पसरली.

जपानमध्ये या विषयावरचं महत्त्वाचं पुस्तक मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंचं, १९६६ सालचं. ओकायामाजवळच्या बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात त्या काम करायच्या. समाजाने ज्यांना आयुष्यभरासाठी बाजूला टाकलं, त्यांच्यातल्या काहींना जगावंसं का वाटतं आणि काहींना का नाही, या प्रश्नातून ते पुस्तक आलं. त्यात पगार आणि करिअरची वर्तुळं नाहीत. आनंदवन ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हा प्रश्न परका वाटू नये. जपानी येत असेल तर तेच वाचावं.

झेनवरचं चांगलं पुस्तक सांगाल का?

दाइसेत्सू सुझुकी यांचं 'झेन अँड जपानीज कल्चर' सगळे सांगतात. चित्रकला, तलवार, हायकू, चहा, सगळं झेनच्या एकाच खुंटीला टांगलं आहे. वाचायला मोहक आहे, म्हणून तर सावध व्हायचं. त्याच्याबरोबर ब्रायन व्हिक्टोरिया यांचं 'झेन ॲट वॉर' (१९९७) ठेवा. युद्धकाळात झेन मठांनी आणि गुरूंनी लष्करशाहीला कशी साथ दिली याची ती कागदोपत्री हकीकत आहे.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. जपानमधला सामान्य माणूस झेन ध्यान करत बसलेला नसतो. अमिदा बुद्धाचं नाम घेणारे पंथ, निचिरेन या भिक्षूच्या नावाने चालणारे पंथ यांचा पसारा मोठा. जन्म झाला की शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या देवळात, माणूस गेलं की बौद्ध भिक्षूकडे. परीक्षा, बाळंतपण, गाडी, धंदा, प्रत्येकासाठी वेगळा ताईत. हे समजून घ्यायला इयन रीडर आणि जॉर्ज तानाबे यांचं 'प्रॅक्टिकली रिलिजस' (१९९८) वाचा. देवाकडून इहलोकीचं काय मिळतं, या एकाच विषयावर ते आहे. पाश्चात्त्य वाचकाला हा धर्म की बाजार असा प्रश्न पडतो. नवस बोलणाऱ्या आणि फेडणाऱ्या आपल्यासारख्यांना तो बहुधा पडणार नाही.

तिकडे गेलात तर टोकियोच्या असाकुसा भागात मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे, ते बघा. तिथला देव म्हणजे आपला गणपतीच, कांगितेन या रूपात. मोदक नाहीत, मुळा वाहतात. सरस्वती तिकडे बेन्झाइतेन होऊन बसली आहे. उलट दिशेचा प्रवासही आहेच: नागपूरचे भदन्त सुरई ससाई मूळचे जपानचे.

मराठीत काही आहे का?

आहे, पण शोधावं लागतं.

पहिलं नाव अर्थातच 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक जपानमध्ये १९८१ साली आलं आणि नॅशनल बुक ट्रस्टमुळे मराठी घराघरांत पोचलं. आपल्याकडे ते शिक्षणावरचं पुस्तक म्हणून वाचलं जातं, बी.एड.वाले तर पाठच करतात. पुन्हा वाचाल तेव्हा त्यातलं युद्ध बघा. रेल्वेच्या डब्यांत भरणारी तोमोए शाळा, डब्यात 'काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं' आणायला सांगणारे मुख्याध्यापक कोबायाशी, आणि पानांमागून हळूहळू कमी होत जाणारं खाणं. १९४५ च्या बॉम्बवर्षावात शाळा जळून गेली.

प्रवासवर्णनांत पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'मधला जपान आणि प्रभाकर पाध्ये यांचं 'तोकोनोमा'. दोन्ही साठच्या दशकाच्या आसपासची, म्हणजे बुलेट ट्रेनचा जपान अजून घडत होता तेव्हाची. तो जपान आता दिसणार नाही. पण मराठी माणूस तिथे गेल्यावर त्याला पहिल्यांदा काय टोचतं, काय भावतं, हे त्यांच्याइतकं कुठल्याच इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेल्या उद्यानाला पुलंचंच नाव आहे, हा योग मला नेहमी बरा वाटतो.

आणखी मागे गेलात तर महर्षी कर्वे. टोकियोतल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी आपल्याकडे महिला विद्यापीठ काढलं. त्यांच्या आत्मचरित्रात हा भाग वाचता येतो.

हायकू कळत नाहीत. तीन ओळींत असं काय असतं?

सुटे हायकू वाचून कळणं अवघडच. सतराव्या शतकातला कवी बाशो याचा 'बेडूक आणि जुनं तळं' शंभर ठिकाणी दिसतो आणि शंभर ठिकाणी वाचक 'बरं, मग?' म्हणून पुढे जातो. त्यापेक्षा 'द नॅरो रोड टु द डीप नॉर्थ' वाचा. १६८९ च्या वसंतात बाशो घर विकून, सोरा नावाच्या शिष्याला बरोबर घेऊन उत्तरेकडे चालत निघाला. काही महिन्यांची पायपीट. मधेमधे गद्य, आणि एखाद्या जागी थांबलं की हायकू. जुन्या रणभूमीवर आता फक्त उन्हाळी गवत आहे, किंवा रात्रभर पिसवा चावताहेत आणि उशाशी घोडा मुततो आहे, असे हायकू त्यांच्या जागी भेटले की कोडं उरत नाही. आपल्याकडच्या वारीसारखी वाट पावलांखाली ठेवून वाचायचं हे पुस्तक आहे. नोबुयुकी युआसा यांचा पेंग्विन अनुवाद सहज मिळतो.

मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी. त्यांचे संग्रह बाशोनंतर वाचा, आधी नको. काय घेतलं आणि काय आपलं केलं ते तेव्हाच दिसतं.

'गेंजी'चं नाव खूप ऐकलंय. झेपेल का?

'द टेल ऑफ गेंजी' ही हजार वर्षांपूर्वीची कादंबरी. चोपन्न अध्याय, शेकडो पात्रं, आणि पात्रांना धड नावं नाहीत, हुद्द्यांवरून ओळखायचं. सुरुवात इथून केलीत तर चौथ्या अध्यायाला पुस्तक कपाटात जाईल.

आधी सेई शोनागोनची 'द पिलो बुक' घ्या. अनुवाद मेरेडिथ मॅकिनी यांचा. हजार वर्षांपूर्वी राजवाड्यात राणीच्या सेवेत असलेल्या या बाईच्या नोंदी आणि याद्या: वैताग आणणाऱ्या गोष्टी, लांबून जवळ वाटणाऱ्या गोष्टी, बघून काळीज धडधडतं अशा गोष्टी. जीभ तिखट, नजर त्याहून. गरिबांच्या बाबतीत ती निष्ठुर आहे, तेही लपवत नाही. एकदा तो राजवाडा ओळखीचा झाला की मुरासाकी शिकिबूच्या 'गेंजी'कडे वळा. आर्थर वेली (१९२५ ते १९३३) यांचा अनुवाद इंग्रजी म्हणून सर्वांत रसाळ, पण त्यांनी सोडलंय आणि घातलंयही बरंच. सायडनस्टिकर (१९७६) नेटके आणि वेगवान. रॉयल टायलर (२००१) मुळाशी सर्वांत इमानी, तळटीपांसह. पहिल्या वाचनाला सायडनस्टिकर, दुसऱ्याला टायलर.

हे सगळं 'ज्ञानेश्वरी'च्या जवळजवळ तीनशे वर्षं आधीचं. आणि तिथेही घडलं ते ओळखीचंच: विद्वान पुरुष चिनी भाषेत लिहीत राहिले, आणि टिकलं ते बायकांनी बोलभाषेत लिहिलेलं.

इतिहासाचं एक पुस्तक?

ढाचा समजायला अँड्र्यू गॉर्डन यांचं 'अ मॉडर्न हिस्टरी ऑफ जपान'. पाठ्यपुस्तक आहे, पण बरं आहे. १९४५ नंतरची सात वर्षं समजायला जॉन डॉवर यांचं 'एम्ब्रेसिंग डिफीट'.

माझं आवडतं मात्र एमी स्टॅन्ली यांचं 'स्ट्रेंजर इन द शोगन्स सिटी' (२०२०). एचिगो प्रांतातल्या बर्फाळ खेड्यात एका देवळातल्या भिक्षूची मुलगी त्सुनेनो. तीनदा लग्न मोडलेलं. चौथ्या स्थळाला नकार देऊन १८३९ साली ती एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पळून गेली. कपडे गहाण टाकले, मोलकरीण झाली, घरच्यांना भांडखोर पत्रं लिहिली. घराण्याने कागद जपले म्हणून हे सगळं उरलं. अमेरिकी आरमाराचा पेरी जपानची दारं उघडायला आपली काळी जहाजं घेऊन येण्याच्या ऐन तोंडावर ती वारली. त्या जहाजांपासून सुरू होणारे इतिहास आपण पुष्कळ वाचतो. त्याआधी त्या शहरात खोलीचं भाडं किती होतं आणि मोलकरणीला थंडीत काय पांघरायला मिळायचं, हे सांगणारा इतिहास विरळा.

जपानमध्ये जातीसारखं काही आहे का?

आहे, आणि पर्यटकांच्या पुस्तकांत ते सापडत नाही. कातडं कमावणं, मेलेली जनावरं ओढणं, अशा कामांमुळे 'अपवित्र' ठरवलेल्या समाजाला आज बुराकु म्हणतात. १८७१ मध्ये कायद्याने भेद रद्द झाला. लग्न आणि नोकरीच्या वेळी गुपचूप चौकशी मात्र पुढेही चालू राहिली. (माकिओका कुटुंब नेमतं ते चौकशीवाले आठवा.) १९२२ मध्ये या समाजाने 'सुइहेइशा' ही स्वतःची संघटना उभी केली.

शिमाझाकी तोसोन यांची 'द ब्रोकन कमांडमेंट' (१९०६) इथून सुरू करा. उशिमात्सु हा तरुण शिक्षक. 'काय वाटेल ते झालं तरी आपली ओळख सांगायची नाही', ही बापाची आज्ञा. शेवटी तो वर्गात मुलांसमोर ती मोडतो. पण कशी? गुडघे टेकून, माफी मागत. आणि मग तो टेक्सासला निघून जातो. दलित आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला ती माफी टोचेल, टोचायलाच हवी. तोसोन स्वतः त्या समाजातले नव्हते. आतून आलेला आवाज ऐकायचा तर केंजी नाकागामी यांची 'द केप'. भाषा राकट, नाती गुंतलेली, सहानुभूतीची याचना कुठेच नाही.

कंपनीतर्फे दोन-तीन वर्षांसाठी चाललोय. कामाला येईल असं सांगा.

शिष्टाचाराच्या पुस्तिका विमानात वाचून होतात: व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी, चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, वगैरे. त्यासाठी वेगळं पुस्तक विकत घेऊ नका.

वाचायचं ते चिए नाकाने यांचं 'जपानीज सोसायटी' (१९७०). पातळ आहे. या बाईंनी भारतात राहून अभ्यास केला होता, गारो आणि खासी समाजांवर त्यांचं पुस्तक आहे. त्यामुळे त्यांची तुलना पश्चिमेशी थांबत नाही, भारताशीही होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात माणूस जात, नातं, व्यवसाय यांवरून ओळखला जातो, म्हणजे गुणधर्मावरून. जपानमध्ये तो कुठल्या चौकटीत बसतो त्यावरून, म्हणजे कुठलं घर, कुठली कंपनी. म्हणून तिकडचा इंजिनिअर 'मी इंजिनिअर' म्हणण्याआधी कंपनीचं नाव सांगतो. आणि त्या चौकटीत आत कोण आधी आला, कोण नंतर, यावर सगळी उतरंड.

हे लिहिलं गेलं तेव्हा मोठ्या कंपन्यांचा सुकाळ होता. आता कंत्राटी आणि अर्धवेळ कामगार चिकार आहेत, आणि त्यांच्यासाठी चौकटच नाही. ती बाजू सायाका मुराता यांच्या 'कन्व्हीनियन्स स्टोअर वुमन'मध्ये दिसते. छत्तीस वर्षांची केइको अठरा वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ काम करते आणि तिथे मजेत आहे. बाकीच्या जगाला तिचं लग्न आणि 'खरी नोकरी' यांची काळजी. मुराता स्वतः अशा दुकानात काम करायच्या. जपानमधला मानाचा साहित्य पुरस्कार, २०१६ चा आकुतागावा, या कादंबरीला आहे. टीमबरोबर जेवायला जाल तेव्हा नाकानेपेक्षा हिच्यावर गप्पा जास्त रंगतील.

मांगा चालेल का, की ते पोरांचं?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. चालेल म्हणजे काय, शिगेरू मिझुकी यांचं 'शोवा: अ हिस्टरी ऑफ जपान' हे मी बऱ्याच इतिहासग्रंथांच्या वर ठेवीन. मिझुकी सैन्यात होते, न्यू गिनीजवळच्या राबाउलला डावा हात गमावला, परत येऊन एका हाताने आयुष्यभर भुतं काढली. १९२६ ते १९८९ चा काळ त्यांनी मांगात सांगितला आहे आणि निवेदक आहे त्यांच्याच भुताच्या कथांमधला एक लबाड उंदीरमाणूस. हिरोशिमासाठी केइजी नाकाझावा यांचं 'बेअरफूट गेन'. मुलांना देण्याआधी स्वतः वाचा, ते सोसवत नाही.

शाकाहारी आहे. जपानी खाण्यावरचं पुस्तक घेऊन फायदा आहे का?

शिझुओ त्सुजी यांचं 'जपानीज कुकिंग: अ सिंपल आर्ट' (१९८०) घ्या. निम्म्या पाककृती करता येणार नाहीत, तरी घ्या. आपल्याला साध्या भाजीतही मासळी का सापडते याचं उत्तर 'दाशी'च्या प्रकरणात आहे: कोंबू नावाची समुद्री वनस्पती आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचं ते पाणी सगळ्याचा पाया असतं. नुसत्या कोंबूची किंवा शिइताके अळंबीची दाशीही होते. मठांतल्या शाकाहारी जेवणाला 'शोजिन र्योरी' म्हणतात. हा शब्द पाठ करून ठेवा.

'मेमॉयर्स ऑफ अ गेशा' कसं आहे?

आर्थर गोल्डन या अमेरिकनाची कादंबरी आहे, आठवणी नाहीत. ज्यांच्या मुलाखती त्याने घेतल्या त्या मिनेको इवासाकी यांनी त्याच्यावर खटला भरला आणि २००२ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र लिहिलं. ते वाचा. लायझा डाल्बी यांचं 'गेशा' (१९८३) त्याहून चांगलं. त्या अभ्यासासाठी क्योतोच्या पोंतोचोत गेशांमध्ये राहून वावरल्या होत्या.

वेळच नाही. शंभर पानांच्या आतलं?

तानिझाकी यांचं 'इन प्रेज ऑफ शॅडोज'. विजेच्या दिव्यांनी जुन्या घरांतला अंधार कसा पळवला यावरचा लांब निबंध, सुरुवातीलाच संडासाचं मनसोक्त कौतुक. पुढे त्यांनी नवं घर बांधायला काढलं, तेव्हा वास्तुरचनाकार म्हणाला, 'तुमचा निबंध वाचलाय, काय हवंय ते कळलं.' त्यावर ते म्हणाले, 'छे, तसल्या घरात मला राहता येणार नाही.' सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांबरोबर हा किस्साही लक्षात ठेवावा.

फुकट काय मिळतं?

प्रोजेक्ट गटेनबर्गवर ओकाकुरा, नितोबे, लाफ्काडिओ हर्न यांच्या भुताच्या गोष्टींचं 'क्वाइदान' (१९०४) आणि १८७८ मध्ये घोड्यावरून उत्तरेकडे गेलेल्या इझाबेला बर्डचं 'अनबीटन ट्रॅक्स इन जपान' कायदेशीरपणे उतरवून घेता येतं. पिसवांच्या तक्रारीत बर्डबाई बाशोच्या वरताण आहेत.

मूळ जपानीतून कधी वाचता येईल?

जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री ही मधली पातळी झाल्यावर 'तोत्तोचान' मुळातून घ्या. गोष्ट आधीच माहीत असल्याने अडत नाही. त्यावरच्या एन-टूच्या सुमारास मुराता. हक्कमुक्त झालेलं जुनं साहित्य आओझोरा बुंको या संकेतस्थळावर फुकट आहे. तिथे नात्सुमे सोसेकी यांची 'बोत्चान' सगळ्यांना खुणावते, टोकियोचा एक तापट मास्तर शिकोकू बेटावरच्या शाळेत जातो ती. मास्तरचं बोलणं कळेल. गावातल्या मुलांच्या बोलीत मात्र प्रत्येक वाक्याला 'ना मोशी' लागतं आणि मास्तरही तिथे वैतागतो, तेव्हा तेवढ्या पानांना इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवा.